मनगटाची नस आणि थकलेली बिलं

रात्री दोन-अडीचला हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, सकाळी कामाला लागलं की विसरायला होतं, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. आणि ज्यांचा छोटा धंदा आहे, ऑर्डरी आहेत, तरी महिन्याच्या दहा तारखेला हातात पैसे नसतात, त्यांच्यासाठीही. माझ्या बाबतीत ही दोन्ही दुखणी एकाच वर्षात उलगडली. पहिल्याचा शोध घेताना दुसऱ्याचं मूळ सापडलं, म्हणून दोन्ही एकत्रच सांगते.

मी चिंचवडला पोळी-भाजी केंद्र चालवते. रोज साधारण सहाशे पोळ्या होतात. त्यातल्या चारशे भोसरी एमआयडीसीतल्या कंपन्यांची कॅन्टीन चालवणाऱ्या एका ठेकेदाराकडे जातात, बाकीच्या घरगुती डब्यांना आणि काउंटरवर. सणावाराला पुरणपोळी, दिवाळीला फराळ. लाटायला आणि भाजायला चार बायका आहेत. कणीक मात्र पहिल्यापासून मीच मळायचे, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, मिळून अठरा-वीस किलो पीठ.

२०२३ च्या दिवाळीत चकलीच्या सोऱ्यानं हात भरून आले होते. ते दुखणं फराळ संपला की जाईल असं वाटलं. गेलं नाही. डिसेंबरात उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, मग रात्री कळ कोपरापर्यंत आणि कधी खांद्यापर्यंत चढायला लागली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बी-१२ च्या गोळ्या आणि चोळायला जेल दिलं. फरक पडेना म्हणून मानेचा एक्स-रे झाला. त्यात मणक्यांत थोडी झीज दिसली. चाळिशी उलटलेल्या बऱ्याच जणांच्या एक्स-रेत ती दिसते, हे मला पुढे कळलं. खांदा दुखतो, हात बधिर होतो, मणक्यात झीज आहे, म्हणजे दुखणं मानेचं, असा सरळ हिशेब झाला. मानेचा पट्टा आणला, मानेचे व्यायाम केले, उशी बदलली. तीन-चार महिने त्यात गेले.

या काळात मी सगळं सांभाळून घ्यायला शिकले होते. फोन कानाला न लावता स्पीकरवर, परात उचलायला कोणाला तरी हाक, ब्लाउजचे हूक लेकीकडून, बिलं लिहायची ती सकाळी उठल्या उठल्या न लिहिता दहानंतर. घरात आणि केंद्रात कोणाला फारसं कळलंही नाही. दुखणं दबून राहतं ते अशा सांभाळून घेण्यानंच, असं मला आता ठामपणे वाटतं. कारण काम थांबत नाही, आणि काम थांबत नाही तोवर बाईमाणूस डॉक्टरकडे जात नाही.

जून २०२४ मध्ये काउंटरवर डबा घ्यायला येणाऱ्या एका ताईंनी मला हात झटकताना पाहिलं. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "करंगळीलाही येतात का हो मुंग्या?" मला सांगता येईना. सगळा हातच बधिर होतो, असं मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "दोन आठवडे वहीत लिहून ठेवा. किती वाजता येतात, नेमक्या कुठल्या बोटांत, आणि त्याआधी तुम्ही काय करत होता."

मी गिरणीच्या हिशेबाच्या जुन्या वहीत तीन रकाने आखले. पहिल्या काही रात्रींतच स्पष्ट झालं की मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात येतात. करंगळी पूर्ण शाबूत. आणि तिसऱ्या रकान्यातून असं दिसलं की ज्या दिवशी कणीक दोन्ही वेळा मळली, किंवा दुपारी बराच वेळ मोबाइल हातात धरून ऑर्डरी घेतल्या, त्याच रात्री झोपमोड जास्त. मान वळवण्याशी, मान दुखण्याशी त्याचा काही मेळच बसत नव्हता.

ती वही घेऊन मी हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. वेळ मिळायला दहा-बारा दिवस लागले, तपासणी फी आठशे रुपये. त्यांनी आधी वही वाचली. मग दोन्ही मनगटं आतल्या बाजूला वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायला सांगितल्या आणि मिनिटभर तसंच धरायला लावलं. मिनिट पुरं व्हायच्या आत उजव्या हाताच्या तीन बोटांत मुंग्या सुरू झाल्या. मनगटावर बोटानं टिचकी मारली तरी बोटांपर्यंत झिणझिणी गेली. "कार्पल टनेल सिंड्रोम," ते म्हणाले.

त्यांनी हाडांच्या प्रतिकृतीवर दाखवलं ते साध्या भाषेत असं. तळहाताच्या मुळाशी, मनगटात एक अरुंद बोगदा आहे. खाली लहान लहान हाडं आणि वर जाड, न ताणणारा पट्टा. त्यातून बोटं मिटणारे नऊ स्नायुबंध आणि एक नस जाते. ती अंगठा आणि पुढच्या अडीच बोटांची संवेदना सांभाळते. करंगळीची नस वेगळ्या वाटेनं जाते, म्हणून तिला काही होत नाही. बोगद्यातली जागा कमी झाली की नस दाबली जाते. रात्री झोपेत मनगट दुमडून राहतं, त्यामुळे दाब वाढतो. स्त्रियांत हे प्रमाण जास्त. मधुमेह, थायरॉइड, संधिवात, गरोदरपण यांत ते बळावतं. कळ खांद्यापर्यंत जात असली तरी अडचण मनगटातच असू शकते.

त्यांनी तीन तपासण्या सांगितल्या. थायरॉइडची टीएसएच, तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए१सी आणि नसेच्या वहनाची चाचणी, जिला सगळे एनसीव्ही म्हणतात. थायरॉइड ठीक निघालं. साखर ६.१, म्हणजे मधुमेह नाही पण काठावर. ५.७ ते ६.४ हा काठावरचा पट्टा धरतात. त्यासाठी आहार आणि चालणं वेगळं सुरू झालं, ते अजून चालू आहे.

एनसीव्हीची मला भीती होती, कारण विजेचे झटके देतात असं ऐकलं होतं. टिचकी बसावी तसे झटके असतात, सहन होतात. दोन्ही हातांना मिळून अर्धा-पाऊण तास लागला, खर्च अडीच हजार. जाताना हाताला तेल किंवा क्रीम लावू नका आणि बांगड्या-अंगठ्या घरी ठेवा. हात गार पडले असतील तर नसेचा वेग कमी दिसतो, म्हणून ते आधी हात गरम करायला लावतात. रिपोर्ट आला, उजवा हात मध्यम, डावा सौम्य. आठ महिने ज्याला मी नुसतं "हाताचं दुखणं" म्हणत होते त्याची जागा, बाजू आणि तीव्रता एका कागदावर आली. मला तिथेच रडू आलं, आणि ते सुटकेचं होतं.

उपचाराची सुरुवात सर्वांत सौम्य गोष्टीपासून झाली. रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा, दोन्ही हातांना, साडेसहाशे रुपयांना एक. इथे एक सांगण्यासारखं आहे. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांतली धातूची पट्टी मनगट मागे झुकवणारी असते. या आजारात मनगट शक्यतो सरळ रेषेत हवं. डॉक्टरांनी ती पट्टी बाहेर काढून हातानं सरळ करून पुन्हा आत सरकवली. पट्टा घेतला की डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना एकदा दाखवाच. दिवसाच्या कामासाठी त्यांनी सांगितलं, "कणीक हातानं मळणं बंद. दुसरं काही नाही जमलं तरी हे करा. आणि सहा आठवड्यांनी पुन्हा या, तेव्हा ठरवू."

कणीक मळायचं दहा किलोचं यंत्र नवं घ्यायला माझ्याकडे तेव्हा रोख नव्हती. बंद झालेल्या एका खानावळीचं जुनं यंत्र एकवीस हजारांना मिळालं, तेही भिशीचा नंबर आधी मागून घेऊन. आणि इथेच दुसरं दुखणं समोर आलं. रोज सहाशे पोळ्या विकणाऱ्या केंद्राकडे एकवीस हजार रोख का नाहीत?

माझं नेहमीचं उत्तर होतं की बायका टिकत नाहीत. हाताला सवय झाली, पोळीला पापुद्रा यायला लागला, की बाई सोडून जाते. नवीनला शिकवण्यात महिना, त्यात पोळ्या जाड, डबेवाल्यांच्या तक्रारी. मग पगार वाढवावा का, गॅस महागलाय तर दर वाढवावा का, हेच विचार चालायचे. नवरा म्हणाला, "हाताचं वहीत लिहिलंस तसं हेही लिही की."

ऑगस्टमध्ये मी मागच्या वर्षभराची बिलं काढून बसले. रकाने पुन्हा तीनच. बिल दिल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख, आणि मधल्या काळात मी कोणाला थांबवलं. पहिल्या दोन रकान्यांतलं मला अंदाजानं माहीत होतं. कॅन्टीनच्या ठेकेदाराचे पैसे "महिन्याभरात" ठरले होते आणि येत होते अडीच-तीन महिन्यांनी. तिसऱ्या रकान्याचा अंदाज नव्हता. त्यात गिरणीवाला जवळजवळ नव्हताच, कारण तो रोखीवर पीठ देतो. गॅस एजन्सी नव्हती. होत्या त्या माझ्याकडच्या बायका. ठेकेदाराचं बिल लांबलं की त्यांचा पगार सात तारखेचा सतराला, कधी वीसला. आणि ज्या ज्या बायका सोडून गेल्या, त्या अशा उशिराच्या पगारानंतरच्या महिन्यात गेल्या होत्या.

आमच्याकडच्या सर्वांत जुन्या मावशींना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, पाचशे कमी द्या, पण तारखेला द्या. घरभाडं काय वीस तारखेला थांबतंय व्हय?" वस्तीतल्या घरमालकांची तारीख पाच असते. पगार वाढवून तो प्रश्न सुटला नसता. कळ खांद्यात आणि अडचण मनगटात, तसंच इथे होतं. बायका जात होत्या माझ्या दारातून, आणि कारण बसलं होतं ठेकेदाराच्या हिशेबखात्यात.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडे गेले तेव्हा डावा हात जवळजवळ शांत झाला होता. उजव्याची झोपमोड निम्म्यावर आली होती, पण बोटांच्या टोकांची बधिरता तशीच होती आणि सुईत दोरा ओवता येत नव्हता. त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा दोन्ही हातांचा शेजारी शेजारी ठेवून पाहिला. उजवा किंचित बसलेला वाटला. तो स्नायू एकदा झिजला की पूर्ण भरून येईलच असं नसतं, म्हणून उजव्याची शस्त्रक्रिया करावी, पण उद्याच करायला हवी असं नाही, असं त्यांचं मत पडलं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा पर्यायही त्यांनी सांगितला. त्यानं काही महिने आराम मिळू शकतो, पण साखर तात्पुरती वाढते, आणि माझी आधीच काठावर. मी शस्त्रक्रिया निवडली आणि ती फराळाचा हंगाम संपल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठरली.

मधल्या दोन महिन्यांत मी पैशांच्या दुखण्याकडे वळले. आमच्या सीएंनी विचारलं, "उद्यम नोंदणी आहे ना? मग तिचा उपयोग का नाही करत?" उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ती मी २०२१ मध्येच केली होती, बँकेनं मागितली म्हणून. तिच्यामुळे काय हक्क मिळतात ते त्यांच्याकडून कळलं. सूक्ष्म आणि लघू उद्योगाकडून माल घेतला आणि लेखी करार नसेल, तर खरेदीदारानं १५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या मुदतीत, पण ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. हा २००६ चा एमएसएमईडी कायदा, म्हणजे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांचा (एमएसएमई) कायदा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तेव्हा बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे सव्वावीस टक्के. शिवाय १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं, ते १ एप्रिल २०२४ पासून लागू. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. त्यामुळे मोठ्या खरेदीदारांच्या हिशेबनिसांना या तारखा आता पाळाव्याशा वाटतात.

ज्यांनी नोंदणी केली नसेल त्यांच्यासाठी. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. आधार आणि पॅन लागतं, अर्ध्या तासात होते. फी मागणारी दिसायला तशीच संकेतस्थळं भरपूर आहेत, तिथे जाऊ नका. उलाढाल आणि कामाचा प्रकार नीट भरा. उशिरा पैशांचं हे संरक्षण उत्पादन आणि सेवेला आहे, नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाराला नाही. पोळ्या करून विकणं हे उत्पादन. आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापून घ्या.

ठेकेदाराशी भांडायचं नाही हे मी ठरवलं होतं. चारशे पोळ्यांचं गिऱ्हाईक आहे आणि माणसं वाईट नाहीत. तक्रारीसाठी तेव्हा सरकारचं समाधान पोर्टल होतं, तिथे अर्ज केला की प्रकरण थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेकडे जायचं. ती वाट मी शेवटची म्हणून ठेवली. मनगटालाही आधी पट्टाच बांधला होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका पानाचं पत्र लिहिलं. वर थकलेल्या बिलांचा तारीखवार तक्ता, खाली दोन वाक्यांत कायद्याची मुदत, सोबत उद्यम प्रमाणपत्र, आणि शेवटी माझी विनंती की दर आठवड्याला बिल देईन, तीस दिवसांत पैसे मिळावेत, आणि हे आपण कागदावर आणू. व्याजाचा उल्लेख केला, मागणी केली नाही. पत्र मालकांना न देता त्यांच्या हिशेबखात्यात नेऊन दिलं आणि पोहोच घेतली.

तिथले हिशेबनीस म्हणाले, "मॅडम, हे सर्टिफिकेट आमच्याकडे तुमच्या फाइलला नव्हतंच. ऑडिटर दर मार्चला आमच्या मागे लागतो, कोण कोण एमएसएमई आहे ते सांगा म्हणून." जुनी थकबाकी त्यांनी तीन हप्त्यांत दिली. शेवटचा हप्ता दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात जमा झाला आणि त्या वर्षी फराळाचं तूप, डाळ, बेसन मी पहिल्यांदा सगळं रोखीनं घेतलं. रोखीत घेतलं की किराण्याचा घाऊक व्यापारी दर वेगळा लावतो, हे मला ऐकून माहीत होतं, आता हिशेबात दिसलं.

शस्त्रक्रियेसाठी मला दोन-तीन आठवडे मळणीपासून, आणि यंत्रात पीठ ओतण्यापासूनही, लांब राहायचं होतं. तोवर कणकेचं प्रमाण फक्त माझ्या हातात होतं. हाताला लागेल तेवढं पाणी, असं मी सांगायचे. ऑक्टोबरभर आम्ही वजनकाटा आणि मापी जग घेऊन बसलो. लोकवन गव्हाच्या दहा किलो पिठाला किती पाणी, किती मीठ, किती तेल, यंत्र किती मिनिटं, मग झाकून किती वेळ. गिरणीतून पीठ जाडसर आलं किंवा गहू बदलला की पाणी बदलतं, म्हणून नव्या पिठाची आधी एक किलोची चाचणी. हा तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावला. मावशींना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी जगावर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. लाल पट्टी लोकवनची, हिरवी दुसऱ्या गव्हाची. दिवाळीच्या धांदलीत मुद्दाम काही सकाळी मी केंद्रावर उशिरा गेले. पोळ्या वेळेत गेल्या होत्या.

आता विम्याचं. आमची कुटुंबाची पॉलिसी २०२२ पासूनची, पाच लाखांची. ही शस्त्रक्रिया दिवसाच्या दिवशी घरी सोडतात त्यांतली आहे. बऱ्याच लोकांना वाटतं की चोवीस तास दाखल नसलं तर विमा मिळत नाही. दिवसभराच्या ठरावीक उपचारांना ती अट नसते. पॉलिसीच्या कागदात डे-केअरची यादी बघा. रुग्णालयानं लेखी अंदाज दिला, अडतीस हजार. कॅशलेससाठी, म्हणजे विमा कंपनीनं रुग्णालयाला थेट पैसे द्यावेत म्हणून, आधार, पॅन, विम्याचं कार्ड, पहिल्या तपासणीपासूनचे सगळे कागद, एनसीव्ही आणि डॉक्टरांची टिप्पणी असं चार दिवस आधीच दिलं. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमानुसार कॅशलेसवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची आहे. पण विमा कंपनीनं शंका काढली की तिचं उत्तर जाईपर्यंत काम अडतं.

माझ्याबाबतीत शंका आलीच. एका जुन्या केसपेपरवर "मुंग्या २-३" एवढंच लिहिलं होतं. महिने की वर्षं, काही नाही. वर्षं धरली तर आजार पॉलिसीच्या आधीचा ठरला असता, आणि अशा आधीच्या आजारांना विमा लागू होण्याआधीची प्रतीक्षा मुदत अजून संपली नव्हती. मला त्या दवाखान्यात जाऊन शिक्का-सहीनिशी खुलाशाचं पत्र आणावं लागलं. सोबत माझ्या वहीच्या पानांची छायाप्रतही दिली. मंजुरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, साडेतेहतीस हजारांची. उरलेले साडेचार हजार हातमोजे, पट्ट्या, नोंदणी वगैरेंचे, ते मी भरले. डॉक्टर केसपेपर लिहितात तेव्हा "कधीपासून" या ओळीत काय लिहिलं ते तिथेच वाचा आणि महिना-वर्ष लिहून घ्या. दुसरं, आमच्या पॉलिसीत दाखल होण्याआधीच्या ३० दिवसांतल्याच तपासण्यांचे पैसे मिळतात. एनसीव्ही जुलैतली असल्यानं तिचे मिळाले नाहीत. तुमच्या पॉलिसीत हे दिवस किती, ते तारीख ठरवण्याआधी बघा.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं आणि पुढच्या आठवड्यात माझी शस्त्रक्रिया. डाव्या तर्जनीवर अजून शाई होती. फक्त हात बधिर करतात, आपण जागे असतो. इंजेक्शनची टोचणी चांगलीच लागते, पण ती तेवढीच. मध्ये पडदा असतो. वीसेक मिनिटांत झालं, तिसऱ्या प्रहरी घरी आले. त्याच रात्री मुंग्यांनी जाग आली नाही. बधिरतेचं औषध असेल म्हणून मी विश्वास ठेवला नाही. पुढच्या रात्रीही आली नाही, मग ठेवला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात उंचावर ठेवायचा, बोटं त्याच दिवसापासून हलवायची, टाके निघेपर्यंत भिजवायचा नाही. टाके बाराव्या दिवशी निघाले. फिजिओथेरपीला एका बैठकीचे चारशे, त्यातल्या शस्त्रक्रियेनंतर ६० दिवसांतल्या बैठकांचे पैसे पावत्या जोडून मिळाले. एका गोष्टीची आधी कल्पना असू द्या. मुंग्या लगेच जातात, पण तळहाताच्या मुळाशी, टाक्याच्या दोन्ही बाजूंना दाबलं की दुखतं आणि ते काही महिने राहतं. उठताना हातावर भार टाकला की जाणवतं. जानेवारीत मी घाबरून डॉक्टरांकडे गेले होते, ते म्हणाले अपेक्षितच आहे. मार्चपर्यंत ते ओसरलं. बोटांच्या टोकांची जाण त्याहून सावकाश परतली, मधल्या बोटाची सगळ्यात शेवटी. बरणीचं झाकण उघडण्याइतकी पकड यायला उन्हाळा उजाडला.

कॅन्टीनच्या ठेकेदाराशी लेखी करार एप्रिल २०२५ मध्ये झाला, तीस दिवसांचा, शंभराच्या नव्हे तर पाचशेच्या स्टॅम्पवर, कारण महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशे लागतात. मधे एकदा पैसे लांबले तेव्हा मी पाचव्या दिवशी फोन केला, तिसऱ्या महिन्याची वाट पाहिली नाही. बायकांचा पगार आता पाच तारखेला होतो. तेव्हापासून एकच बाई सोडून गेली, ती गावी शेती बघायला. पुरणपोळीच्या मोठ्या ऑर्डरींना मी रुग्णालयासारखाच लेखी अंदाज देते आणि निम्मी रक्कम आधी घेते. सुरुवातीला दोन जुनी गिऱ्हाइकं नाराज झाली, त्यातलं एक परत आलं.

डावा हात अजून रात्री पट्ट्यात असतो. त्याची एनसीव्ही पुन्हा मार्चमध्ये आहे. वेग आणखी मंदावलेला निघाला तर शस्त्रक्रिया एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात करायची, असं डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. कॅन्टीनचा करार एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवा होतो, त्यावर सही माझ्या उजव्या हातानं आधी होऊन जाईल, आणि या वेळी तपासणी ३० दिवसांच्या आत बसेल.